फी माफ झाली, पण मुलीने राहायचे कुठे?

निर्वासित म्हटले की सरहद्द ओलांडून आलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत उतरलेली सिंधी कुटुंबे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ वसलेले तिबेटी. पण दिवाळीच्या सुमारास वडगाव निंबाळकरच्या शिवारात ज्यांच्या कोप्या उभ्या राहतात, त्यांना आपण काय म्हणतो? बीड-अहिल्यानगरकडून आलेली ही कुटुंबे सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती या कारखान्यांचा ऊस तोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कायद्याने ती निर्वासित नाहीत. पण वर्षाचे पाच-सहा महिने त्यांना ना घर असते ना पत्ता, आणि त्यांच्या लेकींचे कॉलेज नेमके इथेच अडते.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, त्यामुळे आईला मागे राहता येत नाही. बारावी झालेली मुलगी एकटी गावी कशी ठेवायची? मग ती फडावर येते, धाकट्यांना सांभाळते, भाकरी थापते. नाहीतर तिचे लग्न होते आणि पुढच्या हंगामात तिचाच एक नवा कोयता झालेला असतो. याला 'पालकांची अनास्था' म्हणणाऱ्यांनी एक रात्र कोपीत काढावी, एवढेच म्हणेन.

शिष्यवृत्त्या नाहीत असे नाही. मागासवर्गीयांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती जुनीच आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच आहे. पण बी.ए., बी.कॉम.ला जाणारीचे काय? आणि फी माफ झालेल्या मुलीने तरी राहायचे कुठे, जेवायचे काय? शिष्यवृत्तीला हजेरीची अट असते. फडावर गेलेल्या मुलीची हजेरी कुठून भरणार? उत्पन्नाचा दाखला गावाकडच्या तहसिलीत, आईबाप उसात, अर्ज ऑनलाइन आणि बँक खाते आधारला जोडलेले हवे. पैसे येतात तेही बऱ्याचदा वर्ष सरता सरता. माझ्या ओळखीच्या एका मुलीने तोपर्यंतची मेसची उधारी मुकादमाकडून उचल घेऊन फेडली. ती उचल आईच्या कोयत्यावर चढली.

जगातल्या निर्वासित विद्यार्थ्यांसाठी १९९२ पासून 'डाफी' ही शिष्यवृत्ती चालते. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था ती राबवते, मोठा वाटा जर्मन सरकारचा. तिच्यात फीबरोबर पुस्तके, प्रवास आणि राहण्या-जेवण्याचा खर्चही धरलेला असतो, कारण घर सुटलेल्याला नुसती फी देऊन भागत नाही हे तिथे गृहीतच आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली, निम्मी मुलींची. ती कामगारांच्या मूळ तालुक्यांत आहेत, आणि तिथेच हवीत. पण ज्या मुलीला आईबापाबरोबर इकडे यावेच लागते, तिला इथल्या कॉलेजात हंगामापुरती हजेरी देता यावी आणि मुलींच्या वसतिगृहात खाट मिळावी, ही मागणी कारखान्यांकडे आणि विद्यापीठाकडे आपणच करायला हवी. आपल्या बागायतीचा ऊस त्यांच्याच हातांनी कारखान्यात जातो.

तोवर हातात आहे ते करू. या हंगामात कोप्या पडल्या की बारावीच्या पुढच्या मुलींची यादी करायची. कागद कुणाचे अपुरे आहेत ते बघायचे आणि गावाकडच्या मैत्रिणींना फोन करून दाखले अर्जाची मुदत संपायच्या आत काढून घ्यायचे. वडगावच्या गटाने रविवारची दुपार यासाठी राखली आहे. नीरा आणि सोमेश्वरनगरच्या मैत्रिणींनी आपापला दिवस कळवावा.