प्रोपॉलिस : नाव एक, माल अनेक

ब्रिटनमधील औषधांच्या व आरोग्यवस्तूंच्या दुकानांत ‘प्रोपॉलिस’ हा शब्द आता ठळक अक्षरांत दिसतो. गोळ्या, घशाचा फवारा, थेंबांची बाटली, टूथपेस्ट, चेहऱ्याचे क्रीम, सर्वांत हा अर्क असतो. आपल्या मंडळींपैकीही पुष्कळजण थंडी सुरू झाली की तो घेतात, आणि गावी जाताना वडीलधाऱ्यांसाठी एखादी बाटली सामानात टाकतात. तेव्हा या मालाचा हिशेब एकदा मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रोपॉलिस म्हणजे मध नव्हे. झाडांच्या कळ्यांवरील चिकट राळ मधमाश्या गोळा करतात, तीत मेण मिसळतात आणि पोळ्याच्या फटी बुजवितात. ही राळ जंतूंना अटकाव करते, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसून आले आहे. परंतु जसे झाड, तशी राळ. युरोपात ती बहुधा पॉप्लरची असते. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील हिरवे प्रोपॉलिस बाकारिस नावाच्या झुडपापासून येते, व जपान त्याचे मोठे गिऱ्हाईक आहे. त्याच देशातील अलागोआसचे लाल प्रोपॉलिस आणखी तिसऱ्याच वनस्पतीचे. तिन्हींची रासायनिक घडण वेगळी. वेष्टनावर मात्र शब्द एकच.

खरी मेख येथेच आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली प्रोपॉलिसचे आरोग्यविषयक दावे तपासले, तेव्हा मुळात हा पदार्थ नेमका कोणता हेच पुरेसे स्पष्ट केलेले नाही, असे मत दिले. दावे मान्य झाले नाहीत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही येथील नियमांची चौकट तीच राहिली. मग काही वेष्टनांवर ‘रोगप्रतिकारशक्तीस साहाय्य’ हे शब्द येतात कोठून? घटकांची यादी वाचावी. त्या गोळीत बहुधा ‘क’ जीवनसत्त्व किंवा झिंक घातलेले आढळेल. त्या दोहोंना तसा दावा करण्याची मुभा आहे. म्हणजे परवानगी झिंकची, आणि नाव व किंमत प्रोपॉलिसची! यात कायदा मोडत नाही, पण गिऱ्हाइकाची समजूत मात्र चुकते.

मग हे सारे थोतांड आहे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. ब्राझीलमध्ये साल्वादोर येथे कोविडच्या १२४ रुग्णांवर झालेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांसोबत हिरवे प्रोपॉलिस घेतलेल्यांचा रुग्णालयातील मुक्काम कमी झाला. प्राणवायूच्या गरजेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. कोणाला काय दिले जात आहे, हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, म्हणून हा पुरावा बेताचाच धरावा लागतो. शिवाय तो अर्क एका ठराविक प्रमाणात बनविलेला होता. त्याचे श्रेय पॉप्लरच्या राळेच्या बाटलीने घेणे योग्य नव्हे.

त्वचेचा प्रश्न तर अधिक निकडीचा आहे. प्रोपॉलिसमुळे कित्येकांना खाज सुटते, पुरळ उठते. ओठांना व तोंडालाही त्रास होतो. युरोपातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१९ साली ॲलर्जीच्या तपासणीच्या मूळ यादीत त्याचा समावेश केला, तो उगाच नव्हे. ‘नैसर्गिक’ म्हणून लावलेल्या क्रीमने चट्टे वाढू लागले, तर आधी ते क्रीम थांबवावे आणि डॉक्टरांना दाखविताना डबीही सोबत न्यावी.

आकड्यांचीही गंमत पाहावी. दहास एक या प्रमाणात आटविलेला १०० मिलिग्रॅम अर्क वेष्टनावर १००० मिलिग्रॅम म्हणून मिरवू शकतो, कारण तो आकडा कच्च्या राळेचा असतो. शिवाय थेंबांचा अर्क बहुधा मद्यार्कात काढतात. ज्या घरांत दारू वर्ज्य आहे, त्यांना हे आधी कळायला हवे.

राळ कोणत्या देशाची व कोणत्या झाडाची, प्रत्यक्ष अर्क किती आणि तो कशात काढला, एवढे छापण्यास उत्पादकास फार खर्च येणार नाही. जो ते छापत नाही, त्याला गिऱ्हाइकाने विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत. घशाचे दुखणे लांबले तर जावयाचे ते डॉक्टरांकडेच.