बादशहाची बाग, आपली सहल

देवळाली प्रवराहून नगरला कामानिमित्त गेलेला माणूस कचेरीतून मोकळा झाला की भुईकोट बघतो किंवा चांदबिबीचा महाल गाठतो. फराहबागेकडे फारसा कुणी वळत नाही. शहराच्या आग्नेयेला, लष्कराच्या हद्दीत, आज कोरड्या असलेल्या तलावाच्या मधोमध तिचा अष्टकोनी महाल उभा आहे. पहिली इमारत पसंत पडली नाही म्हणून पाडली आणि 1583च्या सुमारास निजामशाहीचा वजीर सलाबतखान याने ही पुरी केली, असं गॅझेटिअर सांगतं. (चांदबिबीच्या नावावर खपतो तो डोंगरावरचा महाल म्हणजे याच सलाबतखानाची कबर!) राज्य कारभाऱ्यांवर सोडून नगरचा तेव्हाचा बादशहा मुर्तजा निजामशहा इथे बुद्धिबळ खेळत बसे. तलावातल्या महालाला पाणी हवंच, आणि पाणी खेळवायची विद्या निजामशाहीला अवगत होती. खापरी नळांनी ते दुरून शहरात आणि बागांत येई. म्हणजे बाग पाण्यावर जगते, आणि पाणी राखणाऱ्यावर. प्रवरेच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा बाग एकट्या बादशहाच्या करमणुकीची होती. आता ती राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांची. मग शाळेची एक सहल तरी तिकडे वळवायला काय हरकत आहे?