बारी की फेरी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचे दिंडोरीचे घर भरलेले असते. यंदा पुण्याहून थोरल्या बहिणीचा मुलगा आला तो कपड्यांपेक्षा पुस्तकांनीच जड झालेली बॅग घेऊन. अभ्यासाची असतील म्हणून आम्ही खूश झालो. निघाली खेळाच्या नियमांची. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. मोबाइल लागत नाही, पडदा लागत नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. गोष्ट सांगणाराच पंच. प्रत्येक पात्राला काय जमते आणि काय नाही, हे पुस्तकात लिहिलेले असते. एखादी गोष्ट साधली की फसली, हे फासे ठरवतात.

फासे म्हटल्यावर आमच्या अम्मींनी, म्हणजे मुलांच्या नानींनी, मान हलवली. पैसे लावायचे नाहीत, हे सांगूनही त्या ऐकेनात. "घरात फासे नकोत. बाकी काय खेळायचं ते खेळा." मग भाच्यानेच तोड काढली. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा कंपनीनेच खोक्यात फाशांऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या म्हणे. बिस्किटांच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या पडल्या, वाटीत एक ते सहाच्या. चिठ्ठी काढायची, वाचायची, परत टाकायची. नानी राजी झाल्या.

धाकट्या बहिणीची मुलगी बारा वर्षांची, इथल्याच मराठी शाळेत शिकते. तिने लपतछपत वार करणारे पात्र घेतले. इंग्रजीत त्याला 'रोग' म्हणतात. "नानी, मी रोग झाले!" असे ओरडत ती आली तेव्हा नानींनी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिचा भाऊ तलवारबाज झाला आणि मोहीम निघाली. किल्ला होता रामशेजसारखा, कारण मुलांनी पाहिलेला किल्ला तोच.

तिसऱ्या दिवशी भांडण झाले.

या खेळात लढाई फेऱ्यांत चालते. एक फेरी म्हणजे गोष्टीतले साधारण सहा सेकंद. एका फेरीत प्रत्येक पात्राची आणि प्रत्येक शत्रूची एकेक बारी येते. मुलीच्या पात्राकडे 'छुपा वार' होता. शत्रूच्या शेजारी आपला साथी उभा असेल, तर खंजिराच्या घावाला वाटीतल्या चिठ्ठीइतकी जादा इजा जोडायची. तिने आपल्या बारीत तो वापरला. समोरचा गॉब्लिन, म्हणजे ठेंगणा लुटारू राक्षस, जखमी झाला आणि त्याची बारी येताच पळू लागला. पळणाऱ्या शत्रूवर जाता जाता एक वार करता येतो. तोही तिने केला, लागला, आणि तिने पुन्हा वाटीत हात घातला.

"थांब," भाचा म्हणाला. "छुपा वार एका फेरीत एकदाच."

"भाईजान, ही माझी बारी नाही, त्याची आहे. बारी बदलली की."

"पुस्तक इंग्रजीत आहे. तुला काय कळतंय त्यातलं?"

खोली गप्प झाली. मुलीने वाटी खाली ठेवली आणि गच्चीवर निघून गेली. आम्ही ऐकत होतो, पण मध्ये पडलो नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही वाटले होते की इंग्रजी शाळेतला मुलगाच बरोबर असणार.

रात्री जेवणानंतर ती शब्दकोश आणि पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. "खाला, आपण वाचू या." छुप्या वाराचे पान काढले. त्यात शब्द होते 'वन्स पर टर्न'. टर्न म्हणजे बारी. लढाईच्या प्रकरणात 'राउंड' आणि 'टर्न' यांचे वेगवेगळे अर्थ दिलेले. म्हणजे लिहिणाऱ्याकडे दोन्ही शब्द होते आणि त्याने जाणूनबुजून एक निवडला होता. भाचा ओठांत हसून म्हणाला, "त्यांना फेरीच म्हणायचं असेल." पण मोबाइलवर शोधायलाही त्यालाच बसवले. खेळ काढणाऱ्यांनी अधिकृत उत्तरांत हाच प्रश्न घेतला आहे: छुपा वार एका बारीत एकदा, पण फेरीत एकदाच असे बंधन नाही. दुसऱ्याच्या बारीत वाराची संधी मिळाली, तर तो पुन्हा करता येतो.

आम्हाला वाटले, आता ती उड्या मारणार. पण ती अजून पाने उलटत होती. गॉब्लिनचे पान तिला सापडले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "भाईजान, याला तर वार न खाताच सटकता येत होतं. तुम्ही विसरलात."

खरेच होते. साधा नियम असा की, शत्रूच्या तावडीतून सुखरूप निसटायचे तर बारीतली मुख्य कृती त्यावर खर्चावी लागते. पण गॉब्लिनला खास सवलत आहे. तो हल्ला करूनही वर जोडकृती म्हणून निसटू शकतो. आणि २०१४ च्या खेळाडूंच्या पुस्तकात सुरुवातीलाच सांगितले आहे की, सर्वसाधारण नियम आणि खास नियम यांचे जमत नसेल, तर खास नियम चालेल. तिचा दुसरा वार मुळात झालाच नसता.

हे तिला कोणी विचारले नव्हते. पान मिटले असते तरी चालले असते.

भाच्याने काय केले ते सांगितलेच पाहिजे. त्याने सर्वांसमोर माफी मागितली. नियम चुकल्याची नव्हे, 'तुला काय कळतंय' म्हटल्याची. मग पंच म्हणून निकाल दिला: झालेला वार जादा इजेसकट कायम, आणि उद्यापासून सगळे गॉब्लिन सटकणार. दोघांनाही पटले.

आम्ही बराच वेळ जागे होतो. आपल्या घरांत कागद कोण वाचतो? विम्याचा, कर्जाचा, भाडेकराराचा. ज्याला इंग्रजी येते तो वाचतो आणि बाकीच्यांना अर्थ सांगतो. तो लबाड असतोच असे नाही. आमच्या भाच्यासारखा त्याने घाईत 'बारी'च्या जागी 'फेरी' वाचलेली असते, इतकेच. 'माल तोडल्यावर पैसे' आणि 'माल पोचल्यावर पैसे' यांतला फरक दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला समजावून सांगावा लागत नाही. पण तोच फरक छापील कागदावर असला की आपण अंगठा दाखवावा तिथे सही करून मोकळे होतो.

म्हणून या सुट्टीत एक करून पाहा. कॅरम असो, लुडो असो, घरातल्या कुठल्याही खेळाचा छापील नियम काढा आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. अडलेला शब्द कोशात पाहू द्या. 'एकदा' म्हणजे कशात एकदा, 'आणि' आहे की 'किंवा', हे त्यांनाच विचारा. सर्वांत लहान मुलाला सर्वांत आधी बोलू द्या. आणि वाचताना आपल्या विरुद्ध जाणारे वाक्य सापडले, तर तेही वाचायचे, हे आधीच ठरवून घ्या.

भाचा परवा पुण्याला गेला. एक पुस्तक मुद्दाम ठेवून गेला आहे. मुलगी रोज एक पान शब्दकोश घेऊन वाचते, आणि काल नानींनी तिला विचारले, "ते रेशनचं पत्र आलंय, जरा त्यात नेमकं काय लिहिलंय बघतेस का?"