‘आज नाहीं’ आणि ‘कधींच नाहीं’

परगांवच्या एका भगिनीस ई-मेलनें धाडलेलें आमचें पत्र परत आलें, आणि आम्हीं त्यांचें नांव यादींतून काढून टाकिलें. वस्तुतः त्यांची पेटी केवळ भरली होती. परंतु तेथील सर्व्हरनें उत्तर दिलें ५५० चें! जोनाथन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं लिहिलेल्या एसएमटीपीच्या नियमांत ४ नें आरंभ होणारा अंक तात्पुरती अडचण दर्शवितो, ५ नें होणारा कायमची. पहिल्या प्रसंगीं निदान अर्ध्या तासानें फिरून यत्न करावा व चार-पांच दिवस तो सोडूं नये, असें २००८ च्या सुधारित नियमांत आहे. भरलेली पेटी उद्यां रिकामी होईल; तिला आमच्या मतें ४५२ च शोभतें. ५५० हें, त्या नांवाचें तेथें कोणीच नसेल, तेव्हांसाठीं राखावें. त्या बाईंचा मात्र समज झाला कीं, आम्ही त्यांस विसरलों.