विकणाराच जेव्हा फसतो

गणपती गेले, नवरात्र संपले, दिवाळी आटोपली की पेण आणि रोहा तालुक्यांतील भजनी मंडळांचे हिशेब होतात. वर्गणीतून शिल्लक किती, मृदंगाला पुन्हा शाई भरावी लागेल काय, आणि कोपऱ्यात पडलेल्या जुन्या पेटीचे काय करावयाचे, हे प्रश्न तेव्हा निघतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी पंचक्रोशीतच मिळे. शेजारच्या वाडीतील मंडळाला पेटी हवी असे. कोणी जाणता वाजविणारा येऊन भाता दाबून पाही, एकेक स्वर तपासून पाही आणि दोन्ही मंडळांचे बुवा बसून किंमत ठरवीत. अर्धे पैसे रोख, अर्धे शिमग्यानंतर. या व्यवहारात लबाडी होत नसे असे मुळीच नव्हे. परंतु लबाडी करणाऱ्याला पुढच्या सप्ताहात त्याच मांडवात येऊन बसावे लागे.

आता मंडळातील एखादा तरुण मोबाइलवर पेटीची दोन छायाचित्रे काढतो, जुन्या वस्तूंच्या जाहिराती घेणाऱ्या संकेतस्थळावर ती चढवितो आणि खाली आपला क्रमांक देतो. यात वावगे काहीच नाही. पेणच्या पेटीला नाशिकचे वा हुबळीचे गिऱ्हाईक मिळू शकते, मधला दलाल टळतो, आणि गावात दोन हजारांना मागितली गेलेली वस्तू बाहेर सहा-सात हजारांना जाऊ शकते. बाजार विस्तारला की लहान विक्रेत्याचे बळ वाढते, हे तत्त्व खरेच आहे. अडचण एवढीच की, जाहिरात पडल्यावर तासाभरात जो पहिला फोन येतो तो पुष्कळदा गिऱ्हाइकाचा नसतो.

हा फोन ओळखणे वाटते तितके कठीण नाही. ज्याला खरोखर पेटी हवी आहे तो पेटीविषयी विचारतो: रीड एकेरी की दुहेरी, भाता हवा सोडतो काय, कोणता स्वर दाबल्यावर अडकतो, बुवांच्या काळी दोनला ती कशी बोलते. तबल्याचे गिऱ्हाईक असेल तर पुडी केव्हा बदलली ते विचारील. आणि तो घासाघीस करील. घासाघीस न करणारा जुन्या वस्तूचा ग्राहक कोकणात तरी अजून जन्मास यावयाचा आहे. ठकसेन यातले काही विचारीत नाही. सांगितलेली किंमत त्याला तत्काळ मान्य असते, वस्तू पाहावयास तो येत नाही, आणि 'पैसे आत्ताच पाठवितो' याची त्याला विलक्षण घाई असते. आपण सैन्यात आहोत, बदलीचा हुकूम आला आहे, माणूस पाठवून सामान उचलू, असे तो सांगतो. गणवेषातले छायाचित्र आणि कोणाचे तरी ओळखपत्र पाठवितो. ज्या जिल्ह्यात महाड तालुक्यातील एका गावाचे नावच फौजी आंबवडे आहे, तेथे या सोंगाचा परिणाम काय होत असेल हे सांगावयास नको. जवानावर अविश्वास दाखविण्याची लाज वाटते, आणि नेमकी ती लाजच या धंद्याचे भांडवल असते.

पुढची पायरी अशी. विश्वास बसावा म्हणून पाच-दहा रुपये खरोखरच येतात. मग एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र, ज्याला क्यूआर कोड म्हणतात ते, पाठविले जाते आणि 'हे स्कॅन करा, पिन टाका, रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल' असे सांगितले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. स्कॅन करावयाचे असते ते पैसे देताना, आणि पिन लागतो तोही पैसे देतानाच. घेणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. ज्याने मोबाइलवरून आजवर केवळ किराणा दुकानात पैसे दिले आहेत आणि घेतले कधीच नाहीत, त्याला हा भेद अनुभवाने कळलेला नसतो. पिन टाकताच सहा हजार येण्याऐवजी सहा हजार जातात. मग पलीकडून क्षमा मागितली जाते, 'चूक झाली, परत करतो' म्हणून दुसरे चित्र येते, आणि घाबरलेला माणूस गेलेले मिळविण्यासाठी पुन्हा पिन टाकतो. एका व्यवहारात तीन-तीनदा फसणाऱ्याला मूर्ख म्हणून हसणे सोपे आहे. जुगाराच्या अड्ड्यावर माणूस का उठत नाही हे ज्याला समजते तो हसणार नाही.

अन्य प्रकार याच्याच शाखा होत. कोणी पैसे भरल्याचे बनावट चित्र वा बँकेच्या भाषेतला बनावट संदेश पाठवितो आणि 'चुकून दहा हजार जास्त गेले, तेवढे परत करा' म्हणतो. कोणी वाहतुकीचे अनामत शुल्क मागतो. कोणी एखादी फाइल पाठवून ती मोबाइलवर बसवावयास सांगतो, की मग दूर बसून त्याला सर्व पडदा दिसू लागतो. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे तंबोरा वा पेटी विकावयास काढतात तेव्हा तेथे हेच काम बनावट धनादेश करतो. किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा धनादेश येतो, तेथील कायद्याप्रमाणे बँक थोड्याच दिवसांत ती रक्कम खात्यात वापरावयास देते, विकणारा वरकड पैसे परत पाठवितो, आणि काही आठवड्यांनी धनादेश खोटा ठरला की सारी रक्कम बँक त्याच्याकडूनच वसूल करते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात एक चमत्कारिक उलथापालथ दिसेल. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला, आणि ज्या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा गाभा असा की वस्तूचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून जुन्या मालाच्या बाजारात घेणारा नाडला जातो. येथे नाडला जातो तो विकणारा. कारण ज्ञानाची विषमता आता वस्तूविषयी उरलेली नाही, ती पैशाविषयी आहे. पेटीतला कोणता स्वर फुटका आहे हे रोह्याच्या बुवांना पक्के ठाऊक असते. पैसा ज्या यंत्रणेतून वाहतो तिची कळ कोणती दाबली असता काय होते, हे त्यांना कोणीच धडपणे शिकविलेले नाही.

का शिकविले नाही? मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या आणि ज्यांनी कधी धनादेशही लिहिला नव्हता अशी माणसे या व्यवस्थेत लोटली गेली. तिच्यात समोरच्याकडून पैसे 'मागण्याची' एक सोय होती. मागणी मान्य करून पिन टाकला की पैसे जात. तिच्या आधारे वर्षानुवर्षे विक्रेत्यांना लुबाडण्यात आले. या काळात बँका 'सावध राहा' असे संदेश पाठवीत राहिल्या. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी करण्याची सोयच बंद केली. फसवणुकीचे एक दार कायमचे मिटले. ते नऊ वर्षे आधी मिटविता आले नसते काय? आज ठकांनी आपला मुक्काम क्यूआर कोडकडे हलविला आहे, आणि सावधगिरीचे संदेश पूर्ववत चालू आहेत.

जोखीम कोणी सोसावयाची, हा या प्रकरणातील खरा प्रश्न आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांबाबत त्याला बरेच संरक्षण दिले. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर काहीच बोजा पडत नाही. परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. पिन स्वतःच्या बोटाने टाकलेला असतो, म्हणून बँक वहीवर बोट ठेवून मोकळी होते. जाहिरात घेणारे संकेतस्थळ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ आड उभे राहून स्वतःला केवळ मध्यस्थ म्हणविते. जाहिरात वर दाखविण्याचे पैसे मात्र मध्यस्थ घेतोच. उरतो तो पेटी विकणारा.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. १ जानेवारी १९४९ रोजी ही बँक राष्ट्राच्या मालकीची झाली तेव्हा तेच त्या पदावर होते. राष्ट्राच्या मालकीच्या बँकेकडून रोह्याच्या भजनी मंडळाने याहून अधिक अपेक्षा ठेवणे अवास्तव म्हणता येणार नाही. याहून अधिक करणे शक्य आहे, हे ब्रिटनने दाखविले आहे. तेथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून स्वतःच्या हाताने पैसे पाठवावयास लावलेल्या ग्राहकालाही ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई मिळते, आणि तिचा भार पैसे पाठविणारी व स्वीकारणारी अशा दोन्ही बँका निम्मा-निम्मा उचलतात. ठकाचे खाते उघडून देणाऱ्या बँकेलाही किंमत मोजावी लागते, हे त्यातील मर्म. अशाने ग्राहक बेफिकीर होतील, असा आक्षेप तेथेही घेतला गेला. त्यासाठी पहिले शंभर पौंडांपर्यंतचे नुकसान ग्राहकावर ठेवण्याची मुभा बँकांना आहे आणि ढोबळ निष्काळजीपणाचा अपवादही आहे. आक्षेपाला एवढे उत्तर पुरेसे आहे.

ठक कोठून येतात, याविषयीही दोन शब्द हवेत. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील गावांवर मोठे छापे घातले, तेव्हा असले धंदे करणाऱ्या तरुणांच्या टोळ्या हाती लागल्या. हाच नूह जिल्हा २०१८ साली निती आयोगाने देशातील मागासांमध्ये सर्वांत तळाशी दाखविला होता. गरिबीने गुन्हा क्षम्य होत नाही. पण जेथे शाळा आणि रोजगार पोचले नाहीत तेथे मोबाइल पोचला, त्याचे हे फळ आहे, हे विसरून केवळ छाप्यांवर भिस्त ठेवता येणार नाही. आणि दूर कशाला जावे? लुटलेले पैसे फिरविण्यासाठी टोळ्यांना दुसऱ्यांची बँक खाती लागतात आणि थोड्या हजारांच्या मोहाने खाते वापरावयास देणारे बेकार तरुण सर्वत्र सापडतात. धाटावच्या कारखान्यांबाहेर कंत्राटी कामाची वाट पाहणाऱ्या पोरांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे की, खाते देणाराही गुन्ह्यात सापडतो. याच साखळीतला पैसा एखाद्या खऱ्याखुऱ्या विक्रेत्याच्या खात्यात आला, तर पोलिसांच्या सूचनेवरून त्याचेही खाते गोठते. म्हणून विक्रीची पावती, घेणाऱ्याचे नाव आणि त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवणे अगत्याचे.

मात्र जुन्या ओळखीच्या व्यवहाराचे गोडवे गाणाऱ्यांनी एक आठवण ठेवावी. २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि बनावट कर्जखात्यांच्या आडून शेकडो कोटी रुपये नाहीसे झाल्याचे उघडकीस आले. तेथे ठेवीदारांना फसविणारे हरियाणातून आलेले नव्हते. ओळख हे संरक्षण खरे, पण अपुरे. पेणच्या ठेवीदारांनी जे काही मिळविले ते संघटित होऊन, मोर्चे काढून, वर्षानुवर्षे पाठपुरावा करून. मोबाइलवर फसलेला माणूस मात्र एकटा असतो. तो लाजतो, घरातही सांगत नाही, आणि पहिले काही तास, जे सर्वांत मोलाचे असतात, ते निघून जातात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. ते वाटेत अडवावयाचे तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करणे, आपल्या बँकेला कळविणे आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदविणे, हाच उपाय. पोलीस ठाण्याने 'हे आमच्या हद्दीतले नाही' म्हणून परत पाठविले, तर हद्दीचा विचार न करता गुन्हा नोंदविण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत आहे, हे कार्यकर्त्याने सोबत जाऊन सांगावे. एकट्या म्हाताऱ्या बुवांना ठाणे अंमलदार जे उत्तर देतो ते चार माणसे उभी असली की देत नाही, हा अनुभव कोणाला नाही?

विक्री करताना पाळावयाचा शिरस्ता साधा आहे. घेणाऱ्याने पेण वा रोहा स्थानकावर उतरावे, मंडळाच्या जागेत दिवसाढवळ्या येऊन पेटी वाजवून पाहावी आणि तेथेच पैसे द्यावेत. मोबाइलवरून देणार असेल तर त्याने मंडळाचा कोड स्कॅन करावा, मंडळाने त्याचा नव्हे. संदेशावर विसंबू नये. खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी, मगच पेटी उचलू द्यावी. दोन्हीकडचे साक्षीदार असावेत. हे सारे भजन सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटांत सांगून होते, आणि सांगणाऱ्याने स्वतःचा मोबाइल काढून पैसे घेताना काय दिसते व देताना काय दिसते ते प्रत्यक्ष दाखविले तर अधिक बरे. माघी गणपतीला दोन्ही तालुक्यांत गावोगाव मंडळी जमतातच. तोवर पेण आणि रोह्यातील प्रत्येक बँकेच्या शाखेत १९३० हा क्रमांक दर्शनी भिंतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा अशी मागणी शाखाधिकाऱ्यांकडे लेखी देण्यास कोणाच्या परवानगीची जरुरी नाही.