चूक कचेरीची, वसुली कामगाराकडून!

तीस-पस्तीस वर्षे राबून निवृत्त झालेल्या कामगाराच्या हाती ग्रॅच्युइटी पडण्याऐवजी ‘जादा दिलेली रक्कम परत करा’ अशी नोटीस पडते. वेतननिश्चिती केली कचेरीने, चूकही केली कचेरीने. भुर्दंड मात्र त्या पैशांवर ज्याने घर चालवले त्याच्या माथी!

‘पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी स्पष्ट केले आहे की, वर्ग ३ व ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्तांकडून व वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही. जादा वेतन पाच वर्षांहून अधिक काळ दिले गेले असेल, तरीही नाही.

यावर नोकरशाहीने पळवाट शोधली आहे: हमीपत्र! वेतनसुधारणेच्या वेळी ते लिहून घ्यायचे आणि पुढे २०१६ च्या जगदेव सिंग निकालाकडे बोट दाखवायचे. परंतु तो खटला एका न्यायिक अधिकाऱ्याचा होता. त्यात अपवाद झाला तो निवृत्तांविषयीच्या कलमाला. वर्ग ३ व ४ चे संरक्षण त्याने हिरावलेले नाही. शिवाय, सही केल्यावाचून सुधारित वेतनच मिळणार नसेल, तर त्या सहीस स्वेच्छा म्हणणे ही कामगाराची क्रूर थट्टा होय.

म्हणून नोटीस येताच एकट्याने हप्ते कबूल करू नका. लेखी हरकत नोंदवा, युनियनकडे या. निवृत्त कामगार एकाकी आहे, या समजुतीवरच ही वसुली चालते. ती समजूत खोटी ठरविणे हे संघटनेचे कर्तव्य आहे.