पेटी, हार्पसिकॉर्ड आणि 'चुकीचं' वाद्य

मागच्या शनिवारी सकाळी चहा घेत निवांत बसलो होतो, तेवढ्यात गावाहून नानांचा फोन. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरपासून जवळ. नाव सांगून कोणाला कळणार नाही, म्हणून सांगत नाही. नाना म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. वय सत्तरीच्या पुढे.

"बापू, तुह्याकडं एक काम हाय. पेटी गेली आपली. भाता फाटला, चार सूर बसले. पोरं म्हणतात आता किबोड घ्या. तू काम्पुटरवाला, सांग कोनता घ्याचा."

आपल्याकडे काम्पुटरवाल्याला प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं कळतं असा समज आहे, त्यामुळे फोनचं नवल वाटलं नाही. पण पोटात काहीतरी हललं हे खरं. भजनात पेटी नाही? तिथे तो प्लास्टिकचा डबा? मी लगेच भाषण सुरू केलं. पेटीचा सूर कसा जिवंत असतो, कीबोर्ड म्हणजे कसा नुसता आवाजाचा फोटो, वगैरे वगैरे. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, विचार करून सांगजो."

विचार करायला बसलो आणि माझंच भाषण माझ्या अंगावर आलं. त्याला कारणीभूत एक फ्रेंच माणूस. कसा, ते सांगतो.

गेली तीन वर्षं मी वीकएंडला डिजिटल पियानोवर खुडबुड करतो. जाणकार वगैरे अजिबात नाही. माझा आवडता संगीतकार क्लोद द्यब्युसी (१८६२-१९१८). त्याच्या संगीताला 'इम्प्रेशनिस्ट' म्हणतात, आणि हे लेबल त्याला स्वतःला मुळीच आवडत नव्हतं. त्याचं 'क्लेअर द ल्यून', म्हणजे चांदणं, तुम्ही कुठल्या ना कुठल्या सिनेमात ऐकलं असेलच. आपल्या भाषेत सांगायचं तर काळी एकमधली रचना आहे. हे संगीत उभं आहे पियानोच्या दोन गोष्टींवर. एक, बोट हळू टेकवलं तर आवाज हळू, जोरात मारलं तर मोठा. दोन, पायाखालचं पेडल. ते दाबलं की पट्टी सोडली तरी तार वाजत राहते, आणि सुरांत सूर मिसळून धुकं पडल्यासारखं होतं.

माझ्या पियानोवर एक बटण आहे, हार्पसिकॉर्डचं. हे पियानोच्या आधीचं वाद्य. दिसायला पियानोसारखं, पण आत हातोडी नाही. पट्टी दाबली की लाकडाची एक पातळ काडी वर जाते आणि तिला लावलेली नखी तार छेडते. जुन्या काळी ही नखी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची करत. आता गंमत बघा, नखी तार छेडणार म्हणजे छेडणार. तुम्ही बोट प्रेमाने ठेवा की रागाने आपटा, आवाज जवळजवळ तेवढाच. पेडलचं धुकंही नाही, कारण पट्टी सोडली की तार गप्प. म्हणजे द्यब्युसीला लागणारं जे जे काही, ते ते इथे नाही. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हातोडीवालं वाद्य बनवलं ते याच अडचणीवर उपाय म्हणून. 'पियानो' हे नावसुद्धा 'हळू आणि जोरात' या अर्थाच्या लांबलचक इटालियन नावाचा उरलेला तुकडा आहे.

एका रविवारी मी ते बटण दाबलं, पेडलवरून पाय काढला (डिजिटलवर पेडल चालतं, पण ती चीटिंग), आणि 'क्लेअर द ल्यून' वाजवलं.

भयानक! पहिल्याच ओळीत जो सूर लांबवर तरंगत राहायला हवा, तो टण् करून विरून गेला. चांदण्याच्या जागी कोणीतरी चमचे मोजतंय असं वाटलं. बायको आतून म्हणाली, "हे काय, कल्हईवाला आला का?"

पण मी चिकट माणूस. वाजवत राहिलो. तिसऱ्या-चौथ्या रविवारी लक्षात आलं की मी पियानोचं वाजवणं जसंच्या तसं तिकडे नेत होतो. आमच्या धंद्यात याला पोर्टिंग म्हणतात. एका मशीनसाठी लिहिलेला कोड उचलायचा, दुसऱ्यावर कंपाइल करायचा आणि चालला नाही की नव्या मशीनला शिव्या द्यायच्या. जुना कोड ज्या सोयी गृहीत धरून बसलाय त्या इथे नाहीतच, हे आपण बघत नाही.

हार्पसिकॉर्डवाल्यांनी या अडचणीवर केव्हाच उपाय शोधले होते. जोर देता येत नाही ना, मग महत्त्वाच्या सुराआधी किंचित थांबा. त्या थांबण्यानेच तो कानाला मोठा वाटतो. चार सूर एकदम वाजवण्याऐवजी खालून वर एकेक उलगडत जा. पेडल नाही ना, मग बोटं उचलायची घाई करू नका, पुढचा सूर लागला तरी मागची पट्टी धरून ठेवा. तेवढंच हातातलं धुकं. असं वाजवल्यावर 'क्लेअर द ल्यून' काही फार सुधारलं नाही, प्रामाणिकपणे सांगतो. पण द्यब्युसीने १९०८ मध्ये आपल्या लेकीसाठी लिहिलेल्या 'चिल्ड्रन्स कॉर्नर'मधला छोटा गुराखी मात्र खुलला. त्यात सुरुवातीला एकटी बासरीसारखी ओळ आहे. पियानोवर ती गुळगुळीत लागते. इथे तिला जरा काटे आले, रानातलं पोर वाटायला लागलं.

मग वाचत गेलो तर कळलं की खुद्द द्यब्युसीला हे वाद्य परकं नव्हतं. कूपराँ आणि रामो या जुन्या फ्रेंच हार्पसिकॉर्डवाल्यांना तो फार मानायचा. १९०५ मध्ये त्याने रामोला मानवंदना म्हणून एक रचना केली, अर्थात पियानोसाठी. पुढे १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, त्याने सहा सोनाटे लिहायला घेतले. त्यातला चौथा ओबो, हॉर्न आणि हार्पसिकॉर्ड या तिघांसाठी असणार होता. तीनच पूर्ण झाले. चौथा कागदावर यायच्या आधी, १९१८ मध्ये, तो कॅन्सरने गेला. म्हणजे ज्या वाद्यावर त्याचं संगीत वाजवणं मी थट्टा समजत होतो, त्याच वाद्यासाठी तो स्वतः लिहिणार होता! फक्त तो पोर्ट करणार नव्हता, नव्याने लिहिणार होता.

आता पेटीकडे येतो.

ज्या पेटीच्या 'जिवंत सुरा'बद्दल मी नानांना भाषण दिलं, ती मुळात कुठली? हार्मोनियमचं पेटंट १८४० च्या दशकात अलेक्झांद्र दबँ यांनी घेतलं, पॅरिसमध्ये. म्हणजे द्यब्युसीच्याच गावात! पुढे कलकत्त्यात तिचे पाय काढले, हाताचा भाता लावला, आणि ती मांडी घालून आपल्यात बसली. पण सुखाने बसू दिली नाही कोणी. आक्षेप खरेच होते. आपलं गाणं मींडेवर चालतं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. पेटीच्या पट्ट्या म्हणजे जिन्याच्या पायऱ्या, मधे घसरगुंडी नाहीच. शिवाय त्या पट्ट्या युरोपच्या समान वाटणीने लावलेल्या. तानपुऱ्यातून जो शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, त्यापेक्षा पेटीचा गंधार सुमारे १४ सेंट चढा. (दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट, यावरून अंदाज घ्या.)

ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीत बघणारे जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला. रवींद्रनाथांनाही ती नकोच होती. १९४० मध्ये रेडिओने तिच्यावर बंदीच घातली. ती बंदी स्वातंत्र्यानंतरही टिकली आणि १९७१ च्या सुमारास कुठे सैल व्हायला लागली. तीस वर्षं! एका वाद्याला रेडिओच्या दारात उभं केलं, कारण ते 'आपल्या' संगीताला चुकीचं.

आणि त्या तीस वर्षांत इकडे काय चाललं होतं? गोविंदराव टेंब्यांनी आधीच दाखवून दिलं होतं की पेटी गवयामागे नुसती रांगत नाही, बोलू शकते. 'मानापमान'चं (१९११) संगीत त्यांचंच. पुढे पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर या मंडळींनी पेटीला जे येत नाही ते येत असल्याचा भास निर्माण केला. मींड नाही, मग मधल्या पट्ट्यांना निसटता स्पर्श करत जायचं आणि त्याच वेळी भात्यातली हवा आवरायची. कान फसतो, आणि खुशीने फसतो. डॉ. विद्याधर ओकांनी तर बावीस श्रुतींची पेटीच बनवली. काहींनी वाजवणं बदललं, काहींनी वाद्य. रडत बसलं नाही कोणी.

आमच्याकडे तर पेटीने राज्य केलं. शेगावची पालखी पंढरपूरहून परत येताना लोणार, मेहकर, खामगाव या वाटेने येते. लहानपणी पालखीच्या मुक्कामाला रात्रभर भजनं ऐकली आहेत. सत्तर बायाबापड्यांचा गळा एका सुरात बांधून ठेवायचं काम पेटीसारखं दुसरं कोणी करत नाही. तिथे कोणी १४ सेंट मोजत नाही हो.

म्हणून माझं मत असं. वाद्य 'चुकीचं' आहे हा आक्षेप जवळजवळ नेहमी खरा असतो, आणि जवळजवळ नेहमी अपुरा. वाद्याला काय येत नाही याची यादी करणं सोपं आहे. वाजवणाऱ्याला त्या मर्यादेशी झटापट करायला जागा उरते का, हे बघायला हवं. हार्पसिकॉर्डवर उरते. पेटीवर उरते. मग कीबोर्डवर का नाही?

गंमत म्हणजे स्वस्तातल्या अनेक कीबोर्डांना बोटाचा जोर कळतच नाही. कसंही दाबा, आवाज तेवढाच. म्हणजे तो चक्क हार्पसिकॉर्ड झाला! आणि भाता नाही म्हणजे पेटीचा श्वासही गेला. अडचण मोठी आहे, पण हार्पसिकॉर्डवाल्यांनी ती थांबून, उलगडून, धरून ठेवून सोडवली. आमची पोरंही काहीतरी काढतील.

माझं भांडण फक्त एका बटणाशी आहे. ते दाबलं की कीबोर्ड स्वतःच ठेका धरतो, तोही हलत नाही असा. भजनात बुवा एखाद्या शब्दावर रेंगाळतात, मृदंगवाला त्यांच्या तोंडाकडे बघून हात रोखतो, मग सगळे मिळून समेवर येतात. मशीनचा ठेका बुवांच्या तोंडाकडे बघत नाही. तिथे झटापटीला जागाच नाही, मुकाट्याने मशीनमागे जायचं. वाद्याला मर्यादा असाव्यात, पण त्याने माणसाची वाट बघायला हवी.

रविवारी नानांना फोन केला. म्हटलं, आधी पेटी दुरुस्त करून घ्या, खर्चाचं मी बघतो. आणि पोरांना कीबोर्डही घ्या, बोटाचा जोर कळणारा. ठेक्याच्या बटणावर तेवढी चिकटपट्टी लावा.

"मंग तो पेटीसारखा वाजवाचा का?"

"नाही नाना. पेटीसारखा वाजवायला गेलात तर फसेल. पोरांना त्यांचं त्यांना शोधू द्या."

नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "माह्या बुढ्यानं बी मले हेच इचारलं होतं. पेटी कायले पाह्यजे, वीणा हाय ना. सहा महिने बोलला नाही माह्याशी."

"मग?"

"मंग काय. सातव्या महिन्यात माह्याच पेटीवर गायला."

असो. पुढच्या महिन्यात गावी जातोय. चिकटपट्टीचा एक रोल बॅगेत टाकलाय.